दोन टाक्या आणि दादांचं एक हँडल

दादा, तुम्ही गेल्यापासून मुलचेऱ्यात जो भेटतो तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. कोणी म्हणतं, फार शांत माणूस. कोणी म्हणतं, उभ्या जन्मात कोणाला वाकडं बोलला नाही. परवा चहाच्या टपरीवर एकानं डोळे पुसत सांगितलं की बिनोददा म्हणजे लेकराच्या मनाचे. मी त्याच्या हातचा चहा काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. शांत म्हणे. डिझेलचा पंप खोलताना तुम्ही तो बनवणाऱ्या कंपनीला, कंपनीच्या साहेबाला आणि साहेबाच्या सासऱ्याला जे ऐकवायचे, ते ऐकून तुमच्या शेडसमोरच्या मोहाची पहाटे गळायची फुलं भर दुपारी गळायची.

मी ओळखत होतो तो माणूस या लोकांनी कुठे नेऊन ठेवला, कळत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. बाकीच्यांनी तुम्हाला हार घातला; मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी जिंकत होतो. तुम्हाला हे मान्य नसणार. नसू द्या. आता बोलायची पाळी माझी आहे.

मी गोंडपिपरीचा ड्रायव्हर, तुम्ही मुलचेऱ्याचे पंप-मिस्त्री. माझं नाव धर्मा, तुमच्या बंगाली जिभेवर त्याचं कायमचं 'धोरमा' झालं. माझा ट्रक इतका जुना की पासिंगच्या वेळी साहेब आधी त्याला नमस्कार करायचे, मग कागद बघायचे. त्याला एकच टाकी होती. तेव्हा मी बांबू ओढायचो. एकदा आष्टीचा पूल ओलांडून जंगलात शिरलं की पंप सापडायच्या आधी वाघ सापडायचा, त्याच्याकडे डिझेल नसायचं. म्हणून भंगारात निघालेल्या एका लाकडाच्या ट्रकची टाकी तुम्ही उचलून आणलीत आणि माझ्या ट्रकला ड्रायव्हर साइडला बसवलीत. जुनी टाकी क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, नवी उजवीकडे. त्या दिवसापासून मी स्वतःला दोन पोटांचा माणूस समजू लागलो.

तेव्हाच तुम्ही मला ते समजावून सांगितलं होतं. दोन टाक्या म्हटलं की लोकांना वाटतं, एक संपली की दुसरी लावायची, झालं. तुम्ही हातातला पाना माझ्या छातीवर टेकवून म्हणालात, "आयक धोरमा. डिझेलचं इंजन म्हणजे पावना. ताट भरून मागते, थोडंसं खाते आणि उरलेलं वापस पाठवते. आता सांग, ते उरलेलं कोणाच्या घरी पाठवायचं?"

"ज्याच्या घरून आलं त्याच्या."

"शाबास. म्हणून पाइप दोन. एक जाणारा, एक येणारा. टाक्या दोन, म्हणून हरेक पाइपावर टाकी बदलायचा एक कॉक. जाणारा कॉक फिरवला आणि येणारा फिरवायचा राह्यला, तर एका घरचं उचलून दुसऱ्याच्या घरात भरून राह्यलास. भरता भरता त्याचं घर ओसंडून जाईन."

दादा, मी शाळेत होतो तेव्हा असं कोणी शिकवलं असतं तर आज मी ट्रक चालवत नसतो, ट्रकवर भाषणं देत फिरलो असतो.

पण लोक विसरायचे. एका ड्रायव्हरनं डाव्या टाकीतून घेतलं आणि परत येणारं काठोकाठ भरलेल्या उजवीत सोडलं. झाकणातून डिझेल वाहायला लागलं. गोंडपिपरीपासून आष्टीपर्यंत रस्ता असा गुळगुळीत झाला की म्हशी उभ्याच्या उभ्या घसरत बाजारात पोचल्या आणि मालकांच्या आधी विकल्या गेल्या. तो ड्रायव्हर मीच होतो असं लोक सांगतात. लोकांचं काय, ते तुम्हालाही शांत म्हणतात.

त्यावरून तुमच्या डोक्यात ते भूत शिरलं. दोन कॉक वेगळे ठेवायचेच नाहीत. दोघांना एका सळीनं जोडायचं, सळीला एकच हँडल लावायचं आणि ते केबिनमध्ये आणायचं. हँडल फिरवलं की जाणारं आणि येणारं दोन्ही एकदम फिरणार. मी म्हणालो, नको. मला दोन कॉक वेगळेच हवेत. चालत्या गाडीत इकडचं डिझेल तिकडे टाकायची वेळ आली तर? डावीतून घ्यायचं, उजवीत सोडायचं, इंजिनच पाणक्या होऊन घरं भरतं. ही सोय सोडून मी तुमच्या एका हँडलचा गुलाम कशाला होऊ?

"काऊन लागते तुले इकडचं तिकडे?"

"कधी लागलं तर?"

"आजवर लागलं का?"

"नाई."

"मंग गप राह्य."

असा तो वाद. तुम्ही चहा पीत बोलायचे, मी चहा न पिता बोलायचो, कारण तुमच्या शेडमधल्या चहाला ग्रीसचा वास यायचा. बौदी, म्हणजे तुमची बायको, आतून ओरडायची, "दोघंही आपापल्या टाकीत जाऊन बसा." आणि आपण दोघंही ऐकायचो नाही.

मग त्या वर्षीची दुर्गापूजा आली.

दादा, तुमच्या गावात ती गोष्ट आता लहान पोरांनाही पाठ आहे, पण प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि सगळे चुकीची सांगतात. खरी मी सांगतो. माझ्याकडून काही वाढवलं तर तुम्ही तिथून खोका.

तुमच्या वडिलांनी बंगाली निर्वासितांच्या छावणीतून उठून या जंगलात घर बांधलं आणि गावाची पहिली दुर्गा चंद्रपूरहून बैलगाडीतून आणली. तेव्हापासून प्रतिमा, म्हणजे देवीची मूर्ती, आणायचा मान तुमच्या घरात. तुमच्या वेळी बैलगाडीच्या जागी माझा ट्रक आला. मी बुद्धाच्या घरचा माणूस, देवीपुढे हात जोडत नाही. पण तिला घेऊन जाताना मी एकही खड्डा मुद्दाम घेतला नाही, आणि आमच्या रस्त्यांवर यापेक्षा मोठी पूजा नाही. आदल्या वर्षी मात्र घोळ झाला होता. वाटेत टायर फुटून आपण उशिरा पोचलो. षष्ठीच्या संध्याकाळी देवीला जागं करतात, त्याला बोधन म्हणतात. ती वेळ टळून गेली आणि पुरोहित चिडून घरी निघून गेला. कमिटीचा सचिव निताई, त्यानं तेव्हाच भर मांडवात सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी अजून एक मौका. तेव्हाही उशीर झाला तर मान माझ्या ट्रॅक्टरले. मंग कोणी रडायचं नाई."

तुम्ही रडणारे नव्हतेच. पण त्या वर्षभरात तुम्ही माझ्या ट्रकखाली इतक्या वेळा घुसलात की कुत्र्यांनी तिथली सावली तुमच्यासाठी सोडून दिली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मला न विचारता तुम्ही ते हँडल बसवून टाकलंत.

सकाळी केबिनमध्ये चढलो तर गिअरच्या बाजूला लाल कापड गुंडाळलेलं एक हँडल उभं. तुम्ही क्लीनरच्या जागेवर असे बसला होतात जणू तुम्हीच ट्रक जन्माला घातला.

"डावीकडे केलं की डावी टाकी. उजवीकडे केलं की उजवी. जाणारं-येणारं दोन्ही संगच फिरते. आता तुझ्यासारखा येडाही चुकू शकत नाई."

"मी विचारलं होतं तुमाले?"

"देवीनं विचारलं."

देवीशी वाद घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून गाडी सुरू केली. चंद्रपूरला पोचलो, डावी टाकी काठोकाठ भरली. जाताना उजवीवर आलो होतो, तिच्यात तळाशी थोडी ओल उरली होती, ती आष्टीला भरू म्हणालो. प्रतिमा चढवली, चारी बाजूंनी धानाचं तणस लावलं, दोऱ्या आवळल्या. बौदी मागे देवीजवळ बसली, तिच्या भोवती ढाक वाजवणारे. पुढे मी आणि तुम्ही, आणि आपल्या मध्ये ते लाल हँडल, आता डावीकडे तोंड करून.

बल्लारपूर सुटलं आणि माझी नजर काट्यावर गेली. काटा फक्त डाव्या टाकीला होता. काटा पडत होता. आधी हळूहळू, मग असा, की जणू कोणी नळी लावून पीत बसलंय.

"दादा, टाकी गळून राह्यली."

तुम्ही खाली उतरलात, वाकलात, हात फिरवलात, हात हुंगलात. एक थेंब नव्हता.

"तुझा पाय जड आहे," चढताना म्हणालात.

"माझा पाय कालपर्यंत हलका होता."

"काल देवी नव्हती गाडीत. आता घाबरून दाबते तू."

गोंडपिपरीला माझ्याच गावात मी मान खाली घालून गाडी काढली. मागून बौदीची हाक आली, "गाडी एकीकडे झुकून राह्यली. देवी माझ्या अंगावर येते." तुम्ही खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "स्प्रिंगचे पाटे जुने आहेत." ती म्हणाली, "पाटे कालही जुनेच होते." आपण दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही ऐकलं नाही.

आष्टीला डिझेल भरायला थांबणार होतो, पण पंपावर इतकी रांग होती की माझ्या पुढच्या ड्रायव्हरची मिशी रांगेतच पांढरी झाली असती. डाव्या टाकीत अजून पाव टाकी डिझेल होतं. तुम्ही म्हणालात, चल, गावापर्यंत पुरते. आष्टी सोडलं, थोडं पुढे गेलो आणि समोर सूरजागडचा अख्खा डोंगर चाकांवर बसून रस्त्यात उभा. लोहखनिजाचे ट्रक, एकामागे एक, नजर जाईल तिथवर. एका ड्रायव्हरनं ट्रकखाली चटई टाकली होती. त्याला विचारलं, किती वेळ लागन. तो म्हणाला, "भाऊ, मी इथीच मतदान करीन असं वाटते."

ऊन कललं होतं. तुम्ही दर घडीला उन्हाकडे पाहत होतात. मी स्टिअरिंग वळवलं आणि लगाम गावाच्या अलीकडून जंगलाच्या वाटेला लागलो. बांबूच्या दिवसांत ती वाट मी डोळे मिटून चालवायचो. एकदा तर झोपलो होतो, तरी गाडी बरोबर पोचली. पण तेव्हा पावसाळ्यानंतरचं गवत एवढं माजलं नव्हतं.

नाल्याच्या चढावर गवतात सागाचा तोडलेला खुंट लपून बसला होता. डाव्या बाजूनं आवाज आला, पत्रा फाटल्यासारखा. पत्राच फाटला होता.

डाव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्याला चीर गेली होती आणि डिझेल धार धरून मातीत जात होतं. तुम्ही शर्ट काढून दाबलात. मी माझा काढून दाबला. नाल्यावर एक बाई कपडे धूत होती, ती हातातलं लुगडं तसंच ठेवून वर आली.

"काय झालं जी?"

"टाकी फुटली बाई. साबण आहे का? चिरेत घासला की धार बंद होते."

तिनं आपल्या दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, उघडी अंगं, काळे हात, डोक्यावर तणस.

"आंगाले पाह्यजे का टाकीले?"

"टाकीले."

"असं का करता जी. टाकी तर तुमच्याहून साफ दिसते."

साबण मात्र दिला. दादा, त्या बाईचं नाव आपण विचारलं नाही, याची मला आज फार लाज वाटते. तुम्ही तो साबण चिरेत असा भरलात जसा कोणी जखमेत हळद भरतो. धार थांबली नाही, पण थेंबावर आली. आणि तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. डावीत जे उरलं होतं ते पाइपाच्या तोंडाखाली गेलं होतं. इंजिननं डिझेलऐवजी हवा ओढली.

मी मडगार्डवर बसलो. समोर जंगल, मागे दुर्गा, उजव्या टाकीत तळाची ओल, आणि गावात निताई ट्रॅक्टर धुवून तयार. तुम्ही उजव्या बाजूला गेलात. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"धोरमा. इकडे ये."

गेलो. तुम्ही काडी बुडवून वर काढली होती. काडी अर्ध्याहून वरपर्यंत ओली.

"हे कुठून आलं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग टाकीकडे, मग वर देवीच्या चेहऱ्याकडे. मग शर्टच्या बाहीनं तोंड पुसायला गेलात, पण अंगात शर्ट नव्हता.

"मले माहीत होतं," तुम्ही म्हणालात.

मी ट्रकखाली शिरलो. पाइपावर हात ठेवत ठेवत गेलो आणि कळलं. येणाऱ्या कॉकच्या दोन नळ्या तुम्ही अदलाबदल करून जोडल्या होत्या. हँडल डावीकडे केलं की इंजिन डावीतून घेत होतं आणि उरलेलं उजवीत सोडत होतं. चंद्रपूरपासून इथवर आपण डिझेल जाळत कमी आणि वाहून नेत जास्त होतो. म्हणून काटा पडत होता, म्हणून थेंब सांडत नव्हता, म्हणून देवी ड्रायव्हरच्या बाजूला झुकली होती. डावी फुटली तेव्हा तिच्यातलं बहुतेक डिझेल सुखरूप दुसऱ्या घरी पोचलं होतं. नळ्या सरळ जोडल्या असत्या तर सगळं त्या नाल्यातल्या मातीनं प्यायलं असतं.

ट्रकखालूनच मी सगळं मोठ्यानं सांगितलं. वरून बौदी म्हणाली, "मी गोंडपिपरीपासून सांगून राह्यली, गाडी वाकली, गाडी वाकली. बाईनं सांगितलं तर पाटे जुने."

पण अजून मजा बाकी होती. तुम्ही आनंदानं केबिनमध्ये चढून हँडल उजवीकडे फिरवायला गेलात आणि मी खालून ओरडलो, थांबा. उजवीकडे फिरवलं की इंजिन उजवीतून घेणार, आणि उरलेलं? उरलेलं त्या उलट्या नळ्यांनी डावीत, म्हणजे फुटक्या टाकीत, म्हणजे थेंब थेंब जंगलात. जिनं वाचवलं तीच चूक आता बुडवणार होती. एका हँडलनं हे सुटणार नव्हतं. दोन्ही कॉक एकदम फिरत होते, आणि आपल्याला ते वेगवेगळे हवे होते.

दादा, तुम्ही पाना घेतलात. ती सळी खोललीत, लाल कापडाच्या हँडलसकट सीटखाली टाकलीत, ट्रकखाली येऊन माझ्या शेजारी आडवे झालात आणि एक कॉक उजवीकडे केलात, दुसरा डावीकडे. दोघांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध. दिसायला साफ चूक, पण उजवीतून घेणार आणि उजवीतच परत सोडणार. आपण दोघं पाठीवर पडून त्याकडे पाहत होतो.

"बोल आता," तुम्ही म्हणालात.

मी नुसतं त्या दोन कॉककडे बोट दाखवलं. इतकी वर्षं मी काय बोलणार हे तुम्हाला पाठ होतं.

मग ओढलेली हवा काढायची होती. तुम्ही फिल्टरवरचा स्क्रू सैल केलात, मी हातपंप मारत बसलो. आधी नुसता फेस. मग फेसात थोडं डिझेल. मग डिझेलात थोडा फेस. तुम्ही कान लावून बसला होतात, जसे काही आत कोणी तुमचं नाव घेतंय. मग स्वच्छ, अखंड, सोन्यासारखी धार आली, आणि तुम्ही स्क्रू आवळलात. चावी फिरवली. म्हातारी गाडी एकदा कण्हली, एकदा शिंकली, आणि असा आवाज करून उठली की नाल्यापलीकडचे मोर उत्तर द्यायला लागले. कपडे धुणारी बाई म्हणाली, "आता तरी अंग धुवा जी."

त्यानंतर मी गाडी चालवली म्हणणं बरोबर होणार नाही. गाडी जमिनीला मधूनमधून शिवत होती एवढंच. ढाकवाले मागे वाजवायला लागले ते थांबलेच नाहीत. वाटेतल्या गावांतून माणसं धावत बाहेर आली, त्यांना वाटलं देवी पळून चाललीय. तुमच्या गावच्या वळणावर पोचलो तेव्हा ऊन अजून धानाच्या शेंड्यावर होतं. मांडवासमोर निताईचा ट्रॅक्टर फुलं लावून उभा, तो स्वतः वर चढलेला, चावीला हात घातलेला.

मी हॉर्न दाबला तो मांडवाच्या खांबाला टेकेपर्यंत सोडला नाही.

तुम्ही उघड्या अंगानं, डिझेलनं चमकत, खाली उतरलात. बायकांनी जीभ हलवत उलूध्वनी केला, तुमच्या भाषेत तो जसा घुमतो तसा, आणि सगळं गाव एकदम तुमच्याकडे पाहायला लागलं. निताई ट्रॅक्टरवरून उतरला. तुम्ही त्याला म्हणालात, "निताई, एका टाकीवर येणाऱ्यांनी देवी आणायची नसते. यायला दोन टाक्या लागतात आणि त्या कशा फिरवायच्या ते डोकं लागते." आणि त्यानं, खोटं नाही सांगत, देवीला उतरवायला पहिला खांदा दिला. बोधन वेळेवर झालं. पुरोहित इतका खूष झाला की त्यानं मला, बुद्धाच्या माणसाला, हातानं नारळ दिला आणि मी तो तिथंच फोडून खाल्ला.

मान तुमच्या घरात राहिला. पुढे प्रत्येक वर्षी राहिला. आणि प्रत्येक वर्षी आपण भांडलो. तुम्ही म्हणायचे, नळ्या मुद्दाम उलट्या जोडल्या होत्या, डावी बाजू खुंटाला लागते हे मिस्त्रीला कळते. मी म्हणायचो, चुकून जोडल्या, आणि सळी काढली म्हणून वाचलो, म्हणजे वेगळे कॉकच बरोबर. तुम्ही म्हणायचे, उलट्या नसत्या तर सळी काढून कोणतं डिझेल वाचवणार होतास. मी म्हणायचो, सुलट्या असत्या तर सळी काढावीच लागली नसती. इथं आलो की दोघंही अडकायचो, आणि बौदी जेवायला वाढायची.

शेवटच्या भेटीत तुमचा आवाज गेला होता. मी खाटेशी बसलो. तुम्ही दोन बोटं वर केलीत, एक इकडे, एक तिकडे. मी समजलो. म्हणालो, "चुकून." तुम्ही मान हलवलीत, नाही. मी पुन्हा म्हणालो, "चुकून." तुम्ही पुन्हा नाही. तोंडातून हवा निघत होती, ते हसणं होतं. मला त्या वेळी दुसरंच सांगायचं होतं. सांगायचं होतं की तुमच्या हातची गाडी मला कधी रस्त्यात टाकून गेली नाही. की घाटात, चिखलात, नक्षल्यांनी झाडं तोडून आडवी टाकलेल्या रस्त्यावर मी एकटा असताना मला कधी एकटं वाटलं नाही, कारण बॉनेटखालचा प्रत्येक बोल्ट तुमच्या हातानं आवळलेला होता. ते राहिलं. आपल्यात असं बोलायची सोयच नव्हती. तुम्ही लगेच विचारलं असतं, पैसे पाहिजेत का.

आणि तो क्षण. झाकण उघडून काडी वर काढली तेव्हाचा तुमचा चेहरा. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे तुमच्याबरोबर गेलं. मी त्याचा शोध लावणार नाही. शोध लागला तर भांडण संपेल, आणि एवढी मोठी गाडी एकट्यानं चालवायची म्हणजे सोबतीला काहीतरी लागतं.

आता परवाची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला तिथे चैन पडेल. तुमच्या श्राद्धाला सगळं गाव होतं. जेवणं झाली आणि निताई अंगणात उठून उभा राहिला. आता तो पूर्वीसारखा नाही, केस पिकलेत, बोलणं मऊ झालंय. हात जोडून म्हणाला, "बौदी, प्रतिमा आणायचं काम तुमच्या घरचं. पण दादा गेले. पोरी लग्न होऊन आपापल्या घरी. आता घरात कोणी राह्यलं नाई. तुमची हरकत नसेल तर यंदापासून मी..."

बौदी उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. तिनं हातातली थप्पी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"घरात कोणी नाई कसं? मी नाई का?"

"तसं नाई बौदी. पण रस्ता असा, ट्रकांची गर्दी अशी..."

"इतकी वर्षं मागे बसून देवीचं तोंड पाह्यत आली. रस्ता कधी दिसलाच नाई मले. यंदा पुढे बसते."

निताई उभा, पुरोहित उभा, कमिटी उभी. काही बायका हसल्या, काही रडल्या, आणि तुमची बायको सगळ्यांसमोर चालत माझ्यापर्यंत आली. मी भिंतीला टेकून पायसाची तिसरी वाटी संपवत होतो. तिनं मला काही विचारलं नाही. तुम्ही गॅरेजमध्ये पाना दाखवायचे तसं बोटानं मला दाखवलं आणि गावाला सांगितलं, "ड्रायव्हर हा."

निताई माझ्याकडे पाहायला लागला. मी वाटी पुसून खाली ठेवली.

"माझ्याकडे काय पाह्यता सचिवसाहेब," मी म्हणालो, "मांडव वेळेवर बांधा. आम्ही लवकर येऊन राह्यलो."